घरी काही त्रास?

मार्च अर्धा सरला की आमच्या ओपीडीत कांद्याचा वास येऊ लागतो. बाहेर कुठं पोती ठेवलेली नसतात. वास बायकांच्या हातांना असतो. बीपीची पट्टी बांधायला मी हात पुढं ओढून घेते तेव्हा बोटांची टोकं काळपट पिवळी झालेली दिसतात, अंगठ्याला विळ्याची चीर असते आणि नखांत माती असते. कितीही साबण लावला तरी तो वास आठ-आठ दिवस जात नाही, हे मला कुणी सांगायला नको. माझं माहेर केंदूरचं. लग्नाच्या चार दिवस आधीपर्यंत मी शेतात कांदा काटत होते, आणि हळदीच्या वासातूनही तो वास येत होता म्हणून माझी बहीण मला अजून चिडवते.

आता माझी नोकरी दौंड तालुक्यात, कुरकुंभच्या बाजूला. इथं वारा फिरला की कारखान्यांचा उग्र दर्प येतो आणि त्यात बाकीचे सगळे वास बुडून जातात. कारखान्याची पाळी सुटली की रस्त्यावर दुचाक्यांची रीघ लागते, आणि दवाखान्यातल्या निम्म्या बायका हिंदी बोलतात. तरी या दिवसांत आजूबाजूच्या वाड्यांवरची एखादी बाई समोर येऊन बसते, हात पुढं करते, आणि मी पट्टी बांधता बांधता मनानं शिरूर तालुक्यात जाऊन पोचते. निमोण्याच्या पुढं, घोड नदीच्या अलीकडं, एका आरोग्य केंद्रात माझी अकरा वर्षं गेली. अकराच्या अकरा काही आठवत नाहीत. एक उन्हाळा मात्र आठवतो, तोही नको तेवढा.

त्या उन्हाळ्याच्या तोंडी आम्हाला एक प्रशिक्षण झालं. तालुक्याच्या गावी, दोन दिवस, जेवणात जिलबी. तपासणीला येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला घरी मारहाण होते का हे विचारायचं, असं आम्हाला सांगितलं. का विचारायचं, कसं विचारायचं, चेहरा कसा ठेवायचा, सगळं शिकवलं. शिकवणाऱ्या बाई मनापासून बोलत होत्या आणि मला ते पटतही होतं. शेवटी एक छापील कागद हातात दिला. त्यावर प्रश्न होता, ‘घरी काही त्रास आहे का?’ कुणाला राग येऊ नये, कुणी दचकू नये, म्हणून कुठल्याशा टेबलाशी बसून कुणीतरी हा मऊ शब्द निवडला असणार. निवडणारा माणूस आमच्याकडच्या दवाखान्यात कधी बसलेला नसावा.

कारण आमच्याकडं दवाखान्यात येणारी प्रत्येक बाई त्रास घेऊनच येते. ‘घरी काही त्रास?’ असं विचारलं की ती खुलायची. कंबरेचा हाय. पित्ताचा हाय. पाण्याचा लई त्रास हाय सिस्टर, टँकर चार दिसांनी येतो. लाइटीचा हाय, दिवसा मोटर चालत न्हाई. एका पोरीनं तर उंदरांचा सांगितला, आणि औषध मिळंल का म्हणून विचारलं. मी सगळं ऐकून घ्यायचे आणि छापील कागदावरच्या ‘नाही’वर खूण करायचे. महिनाभरात आमच्या केंद्राचा अहवाल वर गेला तेव्हा त्यात एकही ‘हो’ नव्हतं. वरून कुणी शंका काढली नाही. अशा अहवालावर कोण शंका काढतो?

हसू येतं आता, पण तेव्हा मी वैतागले होते. नोकरीला लागल्यापासून जखमांच्या रजिस्टरात मी स्वतःच्या हातानं एक शब्द लिहीत आले होते, ‘पडून’. कपाळाला टाके, कारण पडून. मनगट सुजलेलं, कारण पडून. आमच्या तालुक्यातल्या बायका फार पडतात. न्हाणीत पडतात, गोठ्यात पडतात, उंबऱ्याला अडखळून पडतात, आणि पुरुष मात्र त्याच न्हाणीत, त्याच उंबऱ्यावर कसे सावरतात कोण जाणे. ‘पडून’ लिहिताना आपण काय लिहितोय हे मला माहीत होतं. तरी लिहीत होते, कारण त्या शब्दानं माझं काम सुटसुटीत व्हायचं. याची लाज मला त्या प्रशिक्षणात वाटली, आधी नाही.

केंद्रात परतल्यावर आम्हा तिघांत या प्रश्नावरून जेवढी चर्चा झाली तेवढी कुठल्या साथीवरूनही झाली नव्हती. डॉक्टर पुण्याचे होते, तरुण, कामाला चोख. त्यांचं म्हणणं, विचारायला हरकत नाही, पण ती ‘हो’ म्हणाली तर पुढं काय? खोकला सांगितला तर माझ्याकडं औषध आहे, हे सांगितलं तर मी चिठ्ठीवर काय लिहू? आपण औषध द्यावं, लोकांच्या संसारात शिरू नये. मला तेव्हा ते कातडीबचाऊ वाटले. आता वाटतं, त्यांचा प्रश्न खरा होता, फक्त त्यांनी तो दार लावून घ्यायला वापरला.

मंदाताई आमच्या आशाताई. त्यांचं घर गावातच, मेंढपाळांच्या वाडीवर. आता वाडीवरही मेंढरं कमी आणि कांदा जास्त. त्या डॉक्टरांसारखं गोल बोलत नसत. तुमी पाचला बॅग उचलून जाता, म्हणाल्या, मला त्याच आळीत ऱ्हायचंय, ज्याला ईचारलं त्याच्याच बांधावरनं पाणी आणायचंय. मी म्हटलं, बायकांनी बायकांना विचारायचं नाही तर कुणी? त्यांनी माझ्याकडं दयेनं बघितलं आणि लोहाच्या गोळ्या मोजायला घेतल्या. मदतीच्या फोनचा नंबर असलेलं भित्तिपत्रकही आलं होतं. ते आमच्या शिपायानं फाटकाशेजारी लावलं, जिथं बायकांची वाट बघत नवरे तंबाखू मळत बसतात. सगळे जण ते निवांत वाचायचे.

अशात एका गुरुवारी कोमल आली. बावीस-तेवीस वर्षांची, अंगानं किरकोळ, सातवा महिना. बरोबर दोन वर्षांची मुलगी आणि सासू. सासूबाईंचं नाव हौसाबाई. त्या कमी बोलत, पण सुनेच्या मागं सावकाश चालत सगळीकडं नजर ठेवून असत. कोमलच्या डाव्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं आणि डोळा अर्धा मिटलेला होता. डॉक्टरांनी विचारलं तर ती म्हणाली, कांदा काटताना पाणी उडालं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि डोळ्यात घालायचे थेंब लिहून दिले.

डॉक्टरांचा दोष नाही. कांदा त्यांनी भजीत बघितलेला. पण उन्हाळ कांदा उपटला की दोन-तीन दिवस पातीसकट रानात पडलेला असतो. पात सुकते, मग बायका ओळीनं बसून विळ्यानं ती काटतात. त्यात पाणी कुठलं उडायला? आणि उडालंच तर डोळा लाल होईल, गालाचं हाड निळं होणार नाही. कोमलला वाटलं असेल, दवाखान्यातल्या लोकांना हे कुठं कळतंय. मी हौसाबाईंना गोळ्यांच्या रांगेत उभं केलं आणि कोमलला पडद्याआड बीपी घ्यायला बसवलं.

आधी कागदावरचं विचारलं, घरी काही त्रास? न्हाई, म्हणाली. मग मी कागद पालथा ठेवला आणि आमच्या केंदुरात बायका विहिरीवर जसं विचारतात तसं विचारलं.

“कोमल, मालक हात उचलतात का?”

तिनं पडद्याकडं बघितलं. पडद्याखालून पलीकडच्या रांगेतले पाय दिसत होते.

“कवा कवा,” ती म्हणाली. मग मांडीवरच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, “हिच्या येळंला पोटावर मारलं व्हतं. आता पोट हाय म्हणून तोंडावर मारत्यात.”

हे तिनं तक्रार केल्यासारखं सांगितलं नाही. नवऱ्याला थोडी समज आली आहे, असं काहीसं तिच्या आवाजात होतं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते, खोटं कशाला बोलू. वाईट वाटायच्या आधी मला आनंद झाला. महिनाभर ‘नाही’वर खुणा करून कंटाळलेल्या मला एक ‘हो’ सापडलं होतं. माझा शब्द बरोबर निघाला होता, छापील चुकीचा. त्या आनंदाच्या भरात मी तिचं माता-बाल कार्ड ओढलं आणि कोपऱ्यात लाल पेनानं गोल काढला. जोखमीच्या गरोदर बाईच्या कार्डावर आम्ही असाच गोल काढतो, रक्त कमी असलं, बीपी वाढलं, आधीचं सिझेरियन असलं की. ही सुद्धा जोखीमच नाही का? पुढच्या वेळी जी कुणी सिस्टर असेल तिला कळेल, असा माझा विचार. विचार चांगला होता. फक्त ते कार्ड कोमलच्या घरी राहतं, देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला पिशवीत टांगलेलं, आणि घरात वाचता येणारी माणसं असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

इथं कुरकुंभला माझ्या हाताखाली प्रियांका म्हणून एक नवी सिस्टर आहे. तिच्या हातात टॅब असतो आणि त्यात हा प्रश्न येतो. परवा बिहारकडच्या एका बाईला तिनं विचारलं, दीदी, घर में कोई तकलीफ? बाई म्हणाली, तकलीफ कुछ नहीं, बस पानी की है. प्रियांकानं ‘नाही’ दाबलं आणि पुढची बाई बोलावली. मी शेजारी उभी राहून हसले तर तिला वाटलं तिचं हिंदी चुकलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. भाषा बदलली, तालुका बदलला, शब्द मात्र तसाच मऊ राहिलाय.

कोमलचा नवरा दोन दिवसांनी आला. त्याची पिकअप होती, लोकांचा कांदा बाजारात पोचवायचा. इस्त्रीचा शर्ट, बोलणं अदबीचं, गावात त्याच्याविषयी वाईट बोलणारं कुणी नव्हतं. आमच्या केंद्रासाठी त्यानं एकदा कांद्याची गोणी आणून टाकली होती, आणि आम्ही ती वाटून घेतली होती. त्यानं कार्ड डॉक्टरांपुढं ठेवलं आणि विचारलं, बाळाला काही धोका हाय का, लाल खूण कशाची? डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं. रक्त बरं, बीपी ठीक, वजन वाढतंय. त्यांनी मला हाक मारली आणि त्याच्यादेखत विचारलं, सिस्टर, ही खूण का?

चुकून झाली असेल, मी म्हणाले.

त्यानं कार्ड उचललं, माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, “व्हतंय मॅडम. चुकतं मानूस कवा कवा.”

‘कवा कवा’, हेच दोन शब्द मी पडद्याआड कोमलच्या तोंडून ऐकले होते. आमच्याकडं सगळेच असं बोलतात, तो योगायोग असेलही. पण मला खात्री वाटली की पडद्याआडचं बोलणं त्यानं तिच्याकडून अक्षर न् अक्षर काढून घेतलंय. कसं काढलं असेल याचा विचार मी त्या रात्री केला आणि नंतरही पुष्कळ वेळा केला.

पुढच्या गुरुवारी कोमल आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आठवा लागला होता. पहिल्या वेळी पोटावर मार खाल्लेली बाई, आता तपासणी बंद, आणि बंद पाडणारी मी. एखादं औषध चुकीचं टोचलं असतं तर निदान उतारा शोधला असता. प्रश्न विचारल्याचा उतारा कुठल्या कपाटात असतो? मी मंदाताईंना विचारायचे, दिसली का? त्या म्हणायच्या, दिसती, कांद्यात बसती, बोलत न्हाई. ‘मी म्हनले व्हते’ असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी एका सकाळी मीच गेले. छोट्या मुलीचा अ जीवनसत्त्वाचा डोस राहिला होता, ते निमित्त. नवरा गाडी भरून बाजाराला गेल्याचं मंदाताईंनी आधी बघून ठेवलं होतं. रानात लालसर कांद्याच्या ओळी पडल्या होत्या, आणि त्यांच्या कडेनं आठ-दहा बायका डोक्यावर पदर, त्यावर टॉवेल बांधून बसल्या होत्या. ऊन नऊलाच तापलं होतं. लिंबाच्या सावलीत मुलीला डोस पाजला आणि मी सरळ कोमलशेजारी जाऊन बसले. एक विळा मागून घेतला. बायका हसायला लागल्या, सिस्टर हात कापून घेतील म्हणाल्या. मी पात मुठीत धरून कांद्याला दोन बोटं मान ठेवून सटासट काटायला लागले, तशी त्यांची टिंगल थांबली आणि त्या आपापल्या गप्पांत गेल्या.

रानातलं बोलणं पडद्याआडच्या बोलण्यापेक्षा सुरक्षित असतं, हे मला तोवर कळलं नव्हतं. दोघींची तोंडं कांद्याकडं, हात चालू, आणि शेजारणींचा आवाज एवढा की आपला कुणाला जाऊ नये. हौसाबाई ओळीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. मी हळूच म्हटलं, कोमल, माझ्यामुळं झालं.

तिनं मान वर केली नाही. “ईचारलं त्याचं मला वाईट न्हाई वाटलं, सिस्टर. लिवलं त्याचं वाटलं.” तिच्या हातातला कांदा पाटीत पडला. तिनं दुसरा उचलला. “माज्या आईनं पन कवा ईचारलं न्हाई. तुमी ईचारलं. आता ईचारा, पर लिवू नगा.”

मी मान खाली घालून पात काटत राहिले. मला रडू येत होतं आणि ते तिथं कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. पुढं तीच बोलली. तिचं माहेर नदीपलीकडं. पहिलं बाळंतपण तिकडं झालं, आता दुसरं सासरीच व्हायचं होतं. काढणी संपली की नवरा रिकामा, दिवसभर घरी असणार, आणि त्याचीच तिला धास्ती होती. लाल खुणेचा अर्थ घरात सगळ्यांना माहीत होता, बाळाला धोका. ती खूण खरी हाय म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, तर माहेरी धाडतील का? हे तिनं गेले पंधरा दिवस कांदा काटताना ठरवलं होतं. आम्ही प्रशिक्षणात दोन दिवस बसून जे शिकलो नव्हतो ते ती रानात बसून जुळवत होती.

डॉक्टरांना सांगावं लागेल, मी म्हटलं. सांगू का? तिनं आणखी दहा-बारा कांदे काटले.

“सांगा. पर तोंडानं.”

दुसऱ्या दिवशी ओपीडी उघडायच्या आधी मी डॉक्टरांना तोंडानं सांगितलं. संसारात शिरू नका, असं ते म्हणतील याची मी तयारी ठेवली होती. त्यांनी स्टेथोस्कोपची नळी गुंडाळून ठेवली. मग त्यांनी विचारलं, त्या दिवशी डोळा कांद्यानं झाला नव्हता तर? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, “गरोदर बाईला पोटावर मार बसलेला आहे, पुन्हा बसू शकतो. याच्याएवढी जोखीम बीपीतही नसते, सिस्टर. तुमची खूण बरोबर होती. मी तुम्हाला त्याच्यासमोर विचारायला नको होतं.”

तिला दवाखान्यात कसं आणायचं हा प्रश्न राहिला. तो मंदाताईंनी सोडवला, ज्यांनी या भानगडीत पडणार नाही असं मला बजावलं होतं. त्या कोमलच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, ती खूण चुकीची हाय म्हनत्यात, पर खोडायची तर नियम हाय, कार्ड आन् बाई दोनी समोर लागत्यात. असला नियम सरकारनं केलेला नाही, पण करू शकेल असा आहे, त्यामुळं कुणाला संशय आला नाही. नवऱ्याची बाजाराची खेप होती. गुरुवारी कोमल हौसाबाईंबरोबर आली.

डॉक्टरांनी तिला नीट तपासलं. मग हौसाबाईंना समोर बसवलं आणि सांगितलं की चूक सिस्टरांची नव्हती, माझी होती, मी घाईत बघितलं. खूण खरी आहे. बाळंतपण होईपर्यंत हिनं ओझं उचलायचं नाही, उन्हात बसायचं नाही, हिला धक्का लागायला नको, कसलाही. माहेरी आराम करू द्या. ‘कसलाही’ हा शब्द त्यांनी सावकाश उच्चारला. हौसाबाई डॉक्टरांकडं, मग माझ्याकडं, मग सुनेच्या पोटाकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता सगळं उघडं पडणार. त्या उठल्या, कार्ड पिशवीत घातलं आणि म्हणाल्या, “मी सांगते त्याला.”

त्या शनिवारी कोमल आणि मुलगी नदीपलीकडं गेल्या.

तिकडंच तिला दुसरी मुलगी झाली, नीट, दिवस भरून. बाळाला सव्वा महिना झाला तशी ती सासरी परत आली. लोक मला विचारतात, मग मार थांबला का? नाही थांबला. बाळाला डोस द्यायला आणायची तेव्हा मी पट्टी बांधता बांधता विचारायचे, ती सांगायची, मी लिहायचे नाही. एकदा तिनं आपणहून मदतीच्या फोनचा नंबर मागितला आणि पाठ केला. त्याचं पुढं काय झालं ते मला कळायच्या आत माझी बदली झाली. आम्ही तिला वाचवलं, असं मी कधीच म्हणत नाही. अडीच महिने आणि एक बाळंतपण, एवढंच आमच्या हाताला लागलं. डॉक्टरांचा ‘पुढं काय’ अजून माझ्याकडं तसाच आहे. पण न विचारण्याचं कारण म्हणून मी तो आता वापरू देत नाही, प्रियांकाला तर नाहीच. तिला मी सांगितलं, टॅब आधी खाली ठेव. बाईच्या गावात विहिरीवर जो शब्द चालतो तो विचार. आणि लिहायच्या आधी तिलाच विचार, लिहू का म्हणून. प्रियांका म्हणाली, पण मॅडम, रकाना रिकामा ठेवला तर ॲप पुढं जात नाही. खरं आहे.

आणि एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही, कारण ती कुठल्याच प्रशिक्षणात बसत नाही.

कोमल माहेरी जाऊन दहा-बारा दिवस झाले होते. काढणी संपत आली होती, ओपीडीत गर्दी नव्हती. हौसाबाई एकट्याच आल्या. गुडघं दुखत्यात म्हणाल्या. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, त्यांनी त्या घेतल्या, आणि घरी जायच्या ऐवजी पडदा सारून माझ्याकडं आल्या. स्टुलावर बसल्या. माजं बी बीपी बघा, म्हणाल्या.

मी त्यांच्या दंडाला पट्टी बांधली. फुगा दाबायला लागले तशा त्या म्हणाल्या, “त्या पोरीला तुमी ईचारलं व्हतं.”

त्यांना सगळं माहीत होतं तर. माहेरी धाडताना माहीत होतं, मुलाला सांगितलं तेव्हाही माहीत होतं. आता त्या भांडणार, असं मला वाटलं, आणि भांडल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं.

“मला आजपतुर कुनी ईचारलं न्हाई,” त्या म्हणाल्या.

आमच्या कागदावर फक्त गरोदर बायकांना विचारायचं होतं. साठीला टेकलेल्या बाईला विचारायची सूचना कुणी दिली नव्हती, आणि माझ्याही मनात ते कधी आलं नव्हतं. इतके गुरुवार त्या माझ्यासमोर सुनेच्या मागं उभ्या राहिल्या होत्या, आणि मी त्यांना रांगेत पाठवत होते. मला स्वतःचा राग आला.

“मावशी,” मी विचारलं, “मालकांनी हात उचलला का तुमच्यावर?”

“लगीन झालं तवापासनं,” त्या म्हणाल्या. “त्यांना लकवा झाला तवर.”

त्यांचे डोळे कोरडे होते, चेहरा नेहमीसारखाच. मग त्यांनी विचारलं, किती हाय माजं? मी काट्याकडं बघितलंच नव्हतं. पुन्हा फुगा हातात घेतला, तर त्यांनीच दंडावरची पट्टी सोडली आणि उठल्या.

“ऱ्हाऊ द्या. त्यांच्या जेवनाची येळ झाली. हात हालत न्हाई त्यांचा, मीच भरवते.”